नवागताचा प्रश्न : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाच्या प्रसाराचा इतिहास (१९७४–२०२४)

प्रस्तावना

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून एका खेळाची पेटी विक्रीस आली. लाकडाच्या रेषांचा भास निर्माण करणारा कागद डकवलेली ती पुठ्ठ्याची पेटी, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर आणि छापलेल्या प्रती एक हजार. खेळाचे नाव होते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. या हजार प्रती संपायला जवळजवळ वर्ष लागले. पन्नास वर्षांनंतर, २०२४ मध्ये, याच खेळाचे सुधारित नियमग्रंथ जगभर विकले गेले आणि दरम्यानच्या काळात संगणकीय खेळ, कादंबरी, दूरचित्रवाणी व चित्रपट या सर्वांवर त्याची छाप उमटली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एकजण काल्पनिक जगाचे वर्णन करतो. त्याला पुढे 'डंजन मास्टर' हे नाव रूढ झाले. इतर प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक अशा एकेका पात्राची भूमिका घेतो. समोर बंद दार आहे असे डंजन मास्टर सांगतो. खेळाडू आपापले पात्र काय करील ते बोलून दाखवितात. कृतीचे फळ अनिश्चित असेल तर फासे टाकून ते ठरविले जाते. या खेळाला ठराविक पट नाही, शेवटची खेळी नाही आणि रूढ अर्थाने हार-जीतही नाही. कथा अनेक महिने, कधी अनेक वर्षे चालते.

या खेळाचा इतिहास बहुधा त्याच्या जन्माचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो कोणी निर्माण केला, श्रेय कोणाचे किती, हा वाद रंजक आहे आणि न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचा वाटावा असा एक प्रश्न मागे राहतो. मूठभर हौशी पुरुषांच्या तळघरात जन्मलेला, नियमांनी जड झालेला आणि पुस्तिका वाचूनही न समजणारा हा खेळ बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचला कसा? त्याचे उत्तर सामान्यतः कल्पनारम्य साहित्याच्या वाढत्या लोकप्रियतेत शोधले जाते. ते अपुरे आहे. खेळाचा विस्तार झाला तो त्यातील राक्षस आणि जादू वाढल्यामुळे नव्हे. जाणकाराच्या शेजारी न बसताही तो शिकता येईल अशी साधने ज्या ज्या वेळी निर्माण झाली त्या त्या वेळी तो झाला. आणि ज्यांच्यासाठी टेबलाभोवती जागाच ठेवलेली नव्हती, त्यांच्यापर्यंत तो केवळ सोपेपणामुळे पोहोचला नाही, हेही तितकेच खरे आहे.

युद्धखेळाचा वारसा

या खेळाचे कूळ युद्धखेळांत आहे आणि त्या कुळाचे एक टोक भारतात येते. चतुरंग येथून पश्चिमेस गेले. अकराव्या शतकात अल्बेरुनीने भारतात चौघांनी फाशांसह खेळण्याच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग याने बुद्धिबळाचा पट विस्तारून, त्यात भूप्रदेश आणि तोफखाना आणून, युद्धशिक्षणाचा खेळ तयार केला. प्रशियात १८१२ मध्ये थोरल्या राइसविट्झ याने राजासमोर मांडलेला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नियमबद्ध करून प्रसिद्ध केलेला 'क्रीगश्पील' हा त्यापुढचा टप्पा होता. यात खेळाडू सोंगट्या स्वतः हलवीत नसत. ते लेखी आज्ञा देत आणि एक निर्णायक फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने परिणाम ठरवी. खेळाडूला जेवढे दिसायला हवे तेवढेच निर्णायक दाखवी. डंजन मास्टरचा हा पूर्वज होय.

मात्र याच ठिकाणी पहिली अडचणही दिसते. कोष्टके इतकी किचकट होती की चांगला निर्णायक मिळणे दुर्मीळ झाले. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी निर्णायकाच्या विवेकावर खेळ सोपविण्याचा पुरस्कार केला. नियम कमी केले की अनुभवी माणूस लागतो, आणि नियम वाढविले की ते शिकविणारा लागतो. हा पेच पुढे दीडशे वर्षे सुटला नाही.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे शिशाच्या सैनिकांच्या खेळाचे पुस्तक लिहून युद्धखेळ घराच्या दिवाणखान्यात आणला. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात हा खेळ मुलग्यांसाठी आहे असे सांगून, मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या अधिक बुद्धिमान मुलींनाही एक सवलत दिलेली आहे. विनोदाने दिलेली ही सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९६९ मध्ये मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस–सेंट पॉल या जोडशहरांत डेव्ह वेझली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ चालविला. नेपोलियनकालीन लढाईच्या आधीच्या गावात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली गेली. खेळाडू एकमेकांशी बोलू लागले, कारस्थाने करू लागले, आणि योजलेली लढाई बाजूलाच राहिली. वेझली यांना प्रयोग फसल्यासारखे वाटले. खेळणाऱ्यांना मात्र तो पुन्हा हवा होता. त्यांच्यातील डेव्ह आर्नसन यांनी ही कल्पना 'ब्लॅकमूर' या काल्पनिक प्रदेशात, किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. तिकडे लेक जिनिव्हात गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह मध्ययुगीन लढायांसाठी 'चेनमेल' (१९७१) हे नियम लिहिले होते आणि त्यांस जादूगार व ड्रॅगन यांची पुरवणी जोडली होती. आर्नसन यांची कल्पना आणि गायगॅक्स यांची लेखणी एकत्र आली. गायगॅक्स विमा कंपनीतील नोकरी गमावून घरी जोडे दुरुस्त करीत असत. कोणी प्रकाशक मिळेना, म्हणून ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी डॉन के या बालमित्राबरोबर प्रत्येकी एक हजार डॉलर घालून टीएसआर ही संस्था काढली.

ऐकून शिकण्याचा खेळ

१९७४ च्या त्या तीन पुस्तिका आज वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते : त्या खेळ शिकवीत नाहीत. वाचकाजवळ 'चेनमेल'चे नियम आहेत असे त्या गृहीत धरतात. वनप्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा खेळ विकत घ्यावा असे सुचवितात. खेळ प्रत्यक्ष कसा चालतो याचा एक छोटासा संवादरूप नमुना आहे, पण तो तिसऱ्या पुस्तिकेत. मुखपृष्ठावर तर या नियमांना युद्धखेळाचेच नियम म्हटले आहे. 'भूमिका-खेळ' हा शब्द अद्याप जन्माला यायचा होता. लेखकांची ही बेफिकिरी नव्हती. आपला वाचक युद्धखेळांच्या मंडळातील आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि उरलेले तो मंडळात शिकेल, हे त्यांनी धरून चालले होते.

परिणामी पहिल्या तीन वर्षांत हा खेळ लिखित नियमांचा असूनही मौखिक परंपरेप्रमाणे पसरला. एखादा विद्यार्थी सुटीत दुसऱ्या गावी खेळून येई आणि वसतिगृहात मित्रांना शिकवी. पुस्तिकांच्या छायाप्रती निघत. प्रत्येक विद्यापीठात नियमांचा वेगळा पाठ तयार झाला. वीस पैलूंचे फासे कोठून आणायचे हाही प्रश्न होता. टीएसआरने विकलेले सुरुवातीचे फासे शालेय गणिताची साधने पुरविणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका कंपनीकडून घेतलेले होते. भूमितीतील पाच सम घनाकृती विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी बनविलेले ते तुकडे राक्षसांशी लढण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९७९ मध्ये तर फासे इतके अपुरे पडले की पेटीत त्यांऐवजी अंक छापलेल्या कागदी चिठ्ठ्या घालून पाठवाव्या लागल्या.

मौखिक परंपरेचे बलस्थान तिच्या जिवंतपणात असते आणि दोष तिच्या दारात. ज्याला जाणकार भेटला तो आत गेला. ज्याला भेटला नाही त्याच्यापुढे पुस्तिका मुक्या होत्या. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथील ग्रंथपाल केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये या पुस्तिका वाचल्या, त्या त्यांना समजेनात, आणि त्यांनी नेहमीच्या सहा पैलूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा स्वतःचाच खेळ लिहून टाकला. बाहेरून आलेल्या वाचकाची ही पहिली ठळक तक्रार होय. पुढच्याच वर्षी त्याच खेळासाठी एकट्याने वाचत खेळण्याचे साहसही प्रसिद्ध झाले. शिकविणारा माणूस नसेल तर त्याची जागा मजकुराने घ्यावी, हा विचार येथे प्रथम रुजला.

पुस्तक शिकवू लागते

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जासंस्थेच्या विकारांचे प्राध्यापक जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी पुस्तिका लिहून देण्याची तयारी टीएसआरला कळविली आणि १९७७ मध्ये पहिला 'बेसिक सेट' निघाला. ज्याने खेळ निर्माण केला नाही, पण इतरांना शिकविला, अशा अध्यापकाच्या हातून हे काम व्हावे यात नवल नाही. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी त्याची नव्याने मांडणी केली. पण या मालिकेतील खरी झेप १९८३ ची, फ्रँक मेंट्झर यांच्या लाल पेटीची.

लाल पेटीतील खेळाडूची पुस्तिका नियमांच्या यादीने सुरू होत नाही. ती एका गोष्टीने सुरू होते आणि त्या गोष्टीचा नायक वाचक असतो. वाचक एक योद्धा आहे, गुहेत शिरतो, सापाशी झुंजतो, अलीना नावाची धर्मोपदेशिका त्याला भेटते, त्याच्या जखमा बऱ्या करते आणि जगाची माहिती सांगते. थोड्याच पानांत बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला ठार मारतो. वाचक हळहळतो, आणि हळहळता हळहळता फासे कसे टाकायचे, चिलखताचा उपयोग काय, पात्राचे आयुर्बल म्हणजे काय हे शिकून चुकलेला असतो. त्यानंतर दुसरे एकट्याचे साहस, मग मित्रांना जमविण्याची सूचना, आणि डंजन मास्टरची पुस्तिका त्यानंतर. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष म्हणावा असा आहे. अलीनाचे मरण ती पुस्तिका वाचलेल्या पिढीला अद्याप आठवते. या पेटीचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि खेळ इंग्रजीबाहेर गेला.

ब्रिटनमध्ये तीच गोष्ट निराळ्या मार्गाने घडली. अमेरिकी खेळाचे वितरण करणाऱ्या गेम्स वर्कशॉपचे संस्थापक स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी १९८२ मध्ये 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे पुस्तक पफिन या बालसाहित्याच्या प्रकाशनातर्फे काढले. दोन फासे, एक पेन्सिल आणि परिच्छेदाच्या शेवटी पुढच्या क्रमांकाकडे जाण्याची सूचना, एवढ्यावर ते चालत होते. खेळांच्या दुकानात कधीही न गेलेली मुले पुस्तकांच्या दुकानातून आणि शालेय ग्रंथालयातून या विश्वात शिरली. टीएसआरनेही त्याच वर्षी रोझ एस्टिस यांची 'एन्डलेस क्वेस्ट' ही मालिका सुरू केली होती.

याच काळात गायगॅक्स स्वतः मात्र विरुद्ध दिशेने चालले होते. १९७७ ते १९७९ या काळात निघालेले 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे तीन जाड ग्रंथ नियमांचे एकसूत्रीकरण करण्यासाठी होते. डंजन मास्टरसाठीचा ग्रंथ दोनशेहून अधिक दाट छापील पानांचा, विद्वत्तेने आणि विषयांतरांनी भरलेला आहे. जाणकारांचे त्याच्यावर प्रेम आहे आणि ते समजण्यासारखेही आहे. पण तो ग्रंथ आत असलेल्यांना अधिक आत नेतो.

टेबलाभोवती कोण नव्हते

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनियापोलिस परिसरातील खेळाडूंमध्ये राहून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये 'शेअर्ड फँटसी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसलेल्या मंडळांत स्त्रिया फारच थोड्या होत्या. याचे कारण स्त्रियांच्या अनास्थेत शोधण्याची प्रथा त्या काळात होती. नियमग्रंथ उघडून पाहिले तर वेगळे दिसते.

ऑक्टोबर १९७६ च्या 'द ड्रॅगन' या टीएसआरच्या नियतकालिकात लेन लाकोफ्का यांनी स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचविले. हेतू स्त्रियांना खेळात आणण्याचा होता, असे शीर्षकच सांगते. उपाय मात्र असा, की स्त्री-पात्राचे बळ मर्यादित करावे आणि पुरुष-पात्राच्या व्यक्तिमत्त्वप्रभावाच्या जागी तिला 'सौंदर्य' हा गुण द्यावा. ही सूचना अधिकृत नियम झाली नाही. परंतु बळावरील मर्यादा १९७८ च्या खेळाडूंच्या नियमग्रंथात कोष्टकरूपाने आली आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत टिकली. ज्या खेळात मनुष्य आगीचा लोळ फेकू शकतो आणि मेलेला परत उठतो, त्यात स्त्रीच्या दंडातील ताकदीबाबत मात्र वास्तववाद आवश्यक वाटला, ही विसंगती लेखकांना जाणवलेली दिसत नाही. दार उघडे ठेवून उंबरठा उंच करावा तसा हा प्रकार होता.

आणि तरीही स्त्रिया होत्या. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमधून ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे खेळाडूंचे स्वप्रकाशित लेखन एकत्र बांधून पाठविणारे नियतकालिक सुरू केले. नियमांच्या प्रादेशिक पाठांची देवाणघेवाण, वाद आणि सिद्धांत यांचे ते पहिले व्यासपीठ ठरले व पुढे अनेक दशके चालले. १९७९ मध्ये टीएसआरने जीन वेल्स यांना नियमरचनाकार म्हणून घेतले. त्यांनी लिहिलेले 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' हे साहस छापून झाल्यावर कंपनीने परत घेतले आणि मोल्डव्हे यांच्याकडून पुन्हा लिहवून घेतले. लॉरा हिकमन 'रेव्हनलॉफ्ट' (१९८३) या गाजलेल्या साहसाच्या सहलेखिका होत्या. मार्गारेट वाइस यांनी ट्रेसी हिकमन यांच्यासह लिहिलेल्या 'ड्रॅगनलान्स' कादंबऱ्यांनी १९८४ पासून न खेळणारा मोठा वाचकवर्ग मिळविला. १९९१ मध्ये 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड' या दुसऱ्या कंपनीच्या खेळाने लढाईऐवजी नातेसंबंध आणि अंतर्द्वंद्व केंद्रस्थानी आणले. त्याच्या टेबलाभोवती स्त्रिया अधिक दिसू लागल्या, याकडे तत्कालीनांचे लक्ष गेले होते.

पाश्चात्त्येतर संस्कृतींची कथाही याहून फार निराळी नाही. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात ग्रीक आणि नॉर्स देवतांच्या बरोबरीने इंद्र, वरुण, अग्नी, विष्णू, लक्ष्मी, काली व यम यांनाही स्थान आहे, आणि त्या प्रत्येकास चिलखताचा दर्जा व आयुर्बलाचे आकडे दिलेले आहेत. ज्या देवतांची आजही पूजा होते आणि ज्या केवळ वाङ्मयात उरल्या आहेत त्यांच्यात ग्रंथकारांनी फरक केला नाही. येथे भारत आहे तो सामग्री म्हणून. भारतीय वाचक कल्पिलेला नाही.

युरोपीय मध्ययुगापासून दूर जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र फार लवकर झाला होता, आणि तोही भारतविद्येच्या अभ्यासकाकडून. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक असलेले एम. ए. आर. बार्कर यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' टीएसआरने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील टेकुमेल हे जग भारत, इजिप्त व मध्य अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींवरून सुचलेले, स्वतंत्र भाषा-लिपी असलेले होते. खेळाच्या व्याप्तीचा हा उत्तम दाखला म्हणून त्याचा गौरव होत आला. २०२२ मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच मान्य केले, की १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी बार्कर यांनी लिहिली होती. परसंस्कृतीचे सखोल ज्ञान असणारा मनुष्य उदारच असेल, असे मानणाऱ्या विद्याक्षेत्रालाही हे प्रकरण अस्वस्थ करणारे आहे.

भीतीची वर्षे

ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक तरुण विद्यार्थी बेपत्ता झाला. कुटुंबाने नेमलेल्या खासगी गुप्तहेराने, विद्यापीठाखालच्या वाफेच्या नळांच्या भुयारांत हा खेळ खेळताना तो हरवला असावा, असा तर्क मांडला. विद्यार्थी काही आठवड्यांनी दूरच्या राज्यात सापडला आणि कारणे वेगळीच होती. परंतु वृत्तपत्रांना तर्कच अधिक आवडला होता. १९८१ ची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी, तिच्यावरील १९८२ चा दूरचित्रवाणीपट, १९८३ मध्ये मुलाच्या आत्महत्येनंतर एका दुःखी मातेने स्थापन केलेली खेळविरोधी संघटना, सैतानपूजेचे आरोप, अशी ही मालिका पुढे वाढत गेली.

या प्रक्षोभाने खेळाचे नुकसान झाले असे मानणे अर्धसत्य ठरेल. १९७९ नंतर मागणी उलट वाढली. टीकेने खेळाचे नाव जेथे पोहोचले नव्हते तेथे पोहोचविले, आणि नेमकी त्याच वेळी नवशिक्यांची पेटी दुकानात उपलब्ध होती. कुतूहलाने आलेल्या माणसाला काहीतरी हाती देण्यासारखे होते, हा योगायोग निर्णायक ठरला. पुढे १९८९ च्या आवृत्तीतून कंपनीने असुर आणि सैतान यांची नावे वगळली. व्यापारी शहाणपणाच्या दृष्टीने ते समर्थनीय असेल. खेळाडूंनी मात्र ती नावे मनातून कधी वगळली नाहीत.

जपानचा 'रीप्ले'

खेळाच्या प्रसाराचा सर्वांत बोधप्रद अध्याय जपानमध्ये घडला आणि इंग्रजी लेखनात त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लाल पेटीचा जपानी अनुवाद १९८५ मध्ये आला. जपानी तरुण वाचकांना युद्धखेळांची मंडळे नव्हती, शिकविणारे जाणकार नव्हते. १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' या संगणकविषयक मासिकात 'ग्रुप एसएनई' या लेखकमंडळाने एक वेगळा प्रयोग सुरू केला. प्रत्यक्ष खेळाच्या बैठकीत कोण काय बोलले, कोणते फासे पडले, कोण कशावर हसले, याचा संवादरूप वृत्तांत क्रमशः छापला. या प्रकाराला तेथे 'रीप्ले' म्हणतात. वाचक कथा म्हणून तो वाचीत आणि वाचता वाचता खेळाची रीत आत्मसात करीत. या वृत्तांतातूनच र्‍यो मिझुनो यांच्या 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' या कादंबऱ्या १९८८ पासून निघाल्या आणि पुढे त्यांवर चलच्चित्रमालिकाही झाली.

१९८९ मध्ये याच मंडळाने 'सोर्ड वर्ल्ड' हा स्वतंत्र खेळ काढला. त्यास केवळ सहा पैलूंचे साधे फासे लागत आणि नियमग्रंथ 'बुन्को' या खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या आकारात छापलेला होता. पेटी नाही, चित्रविचित्र फासे नाहीत, खेळांच्या दुकानाची आवश्यकता नाही. कादंबरी विकत घेणारा मुलगा त्याच मांडणीवरून खेळ उचलू शकत होता. मेंट्झर यांनी वाचकाला एकट्याने खेळायला लावून शिकविले. जपानी लेखकांनी त्याला इतरांचा खेळ दाखवून शिकविले. दुसरी रीत अधिक परिणामकारक, कारण ती नियमांबरोबर शिष्टाचारही शिकविते : केव्हा थांबायचे, दुसऱ्याला संधी केव्हा द्यायची, अपयशावर कसे हसायचे. नियमग्रंथात या गोष्टी लिहिता येत नाहीत.

परवाना आणि प्रेक्षक

१९९७ मध्ये कर्जबाजारी झालेली टीएसआर 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने विकत घेतली आणि १९९९ मध्ये तीही हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाकडे गेली. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने 'ओपन गेम लायसन्स' हा मुक्त परवाना निघाला. नियमांचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर स्वतःची पुस्तके लिहावीत व विकावीत, अशी त्यात मुभा होती. छोट्या प्रकाशकांची एक पिढीच त्यावर उभी राहिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने अनेक जुने खेळाडू दुरावले तेव्हा त्याच परवान्याच्या आधारे 'पाथफाइंडर' (२००९) हा प्रतिस्पर्धी उभा राहिला, हा परवान्याच्या जनकांना अपेक्षित नसलेला परिणाम होता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नियम हलके केले, मूलभूत नियम विनामूल्य उपलब्ध करून दिले आणि पात्राच्या लिंगभावाबाबत खेळाडूस मोकळीक असल्याचे नियमग्रंथातच नमूद केले. परंतु या आवृत्तीच्या अभूतपूर्व यशाचे श्रेय केवळ तिच्या रचनेला देता येत नाही. मार्च २०१५ पासून मॅथ्यू मर्सर आणि त्यांचे आवाज-अभिनय क्षेत्रातील सहकारी 'क्रिटिकल रोल' या नावाने आपला खेळ थेट प्रक्षेपित करू लागले. प्रत्येक भाग तीन-चार तासांचा, बव्हंशी टेबलाभोवती बसून बोलणाऱ्या माणसांचा. हे कोण पाहील, असे वाटणे स्वाभाविक होते. २०१९ मध्ये या मंडळींनी चलच्चित्रपटासाठी साडेसात लाख डॉलरची वर्गणी मागितली, तेव्हा प्रेक्षकांनी १ कोटी १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. जपानी 'रीप्ले'चेच हे दृश्य रूप होते. खेळ कसा 'दिसतो' हे आता कोणालाही, कोणाच्याही ओळखीवाचून, पाहता येऊ लागले. त्याची किंमतही होती. व्यावसायिक नटांचा खेळ पाहून आलेला नवागत घरच्या डंजन मास्टरकडून तशीच अपेक्षा करू लागला, अशी कुरकुर जुन्या खेळाडूंत ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मुक्त परवाना बदलण्याचे ठरविल्याचा मसुदा बाहेर फुटला. साडेसात लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असणाऱ्या प्रकाशकांनी त्यावरील उत्पन्नाचा वाटा द्यावा, आणि जुना परवाना रद्द समजावा, असा त्याचा आशय होता. खेळाडूंनी कंपनीच्या संकेतस्थळाची सदस्यत्वे सोडली. कंपनीने मते मागविली तेव्हा पंधरा हजारांहून अधिक जणांनी ती कळविली, बहुतेक सर्व विरोधी. २७ जानेवारीस कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचा मुक्त केला. खेळ कोणाचा, या प्रश्नावर ग्राहकांनी मालकास माघार घ्यावयास लावल्याचे हे उदाहरण सांस्कृतिक उद्योगांच्या इतिहासात सहज आढळणारे नाही.

त्याआधीच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' हा तेरा साहसांचा संग्रह निघाला. त्याचे सर्व लेखक श्वेतेतर वंशांचे होते आणि प्रमुख रचनाकारांपैकी एक भारतीय वंशाचे अजित जॉर्ज. कोलकात्यात वाढलेल्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी त्यात बंगालच्या नद्या, पूर आणि लोकस्मृती यांवरून सुचलेली शंखभूमी उभी केली आहे. १९८० च्या ग्रंथातील आकडेबद्ध इंद्र-वरुणांपासून येथवर यायला बेचाळीस वर्षे लागली. वाचकाला दार उघडून देणे आणि त्याला लिहायला बसविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अंतरावरून कळते; पहिली १९८३ मध्येच साधली होती.

२०२४ मध्ये सुधारित नियमग्रंथ आले. पूर्वी पात्रांच्या कुळांसाठी वापरला जाणारा 'रेस' म्हणजे वंश हा शब्द जाऊन त्या जागी 'स्पीशीज' म्हणजे प्रजाती हा शब्द आला. त्यावर दोन्ही बाजूंनी बरेच वादंग झाले. त्या मानाने ज्याची चर्चा झाली नाही असा एक बदल खेळाडूंच्या नियमग्रंथाच्या अनुक्रमणिकेत आहे. २०१४ च्या ग्रंथात प्रथम पात्र घडविण्याचे नियम येत आणि खेळ कसा चालतो ते बऱ्याच प्रकरणांनंतर. नव्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण खेळ कसा खेळावा याचे आहे, आणि त्यात डंजन मास्टर व खेळाडू यांच्यातील बोलण्याचे नमुने संवादरूपाने दिलेले आहेत. १९७४ मध्ये असा नमुना तिसऱ्या पुस्तिकेत होता.